कानकडी

दुपारी दोन ते चार या वेळात चिंचाटीच्या उड्डाणशाळेत वैमानिक घडत असत, आणि घडता घडता घोरत असत.

कॅप्टन हेमलता वारके यांना ते दृश्य डोळ्यांसमोर नकोसं व्हायचं. लांबलचक खोलीत बारा खाटा, प्रत्येक खाटेवर एक पोरगा नाहीतर पोरगी, डोक्यावर वायरींचं टोपरं आणि खोलीभर जेवणानंतरची सुस्त, समाधानी झोप. अशा दहा दुपारी झोपून काढल्या की अकराव्या दिवशी ज्याला सायकल धड वळवता येत नसे, तोही बंद इंजिनाचं विमान शेतात अलगद टेकवत असे. हेमलताबाईंना ते शिकायला तेवीस वर्षं आणि सात अपघात लागले होते. 'अपघात' हा शब्द मात्र त्यांना कोणी वापरू देत नसे. सरकारी कागदात त्या सात 'यशस्वी सक्तीच्या उतरणी' होत्या. सातही वेळा इंजिन हवेत बंद पडलं आणि सातही वेळा विमानातला एकही माणूस दगावला नाही.

सातपुड्यातल्या गावांना रस्ता दर पावसाळ्यात वाहून जायचा, म्हणून शेवटी सरकारने रस्त्याचा नाद सोडून दोन माणसं बसतील अशी छोटी विमानं आणली. लोक त्यांना टिटवी म्हणत. टिटवी गावाबाहेरच्या माळावर उतरे, नर्सबाईंना सोडे, आजाऱ्याला घेऊन जाई. ती मक्यापासून काढलेल्या इंधनावर चाले, आणि या इंधनाची खोड अशी की ते हवेतला ओलावा पिऊन घेतं. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी नको त्या क्षणी इंजिनात शिरलं, की इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प होतं.

इंजिन बंद पडलेलं विमान दगडासारखं खाली पडत नाही. ते तरंगत, घसरत येतं. टिटवी दोन हजार फुटांवर असेल तर वैमानिकाच्या हाताशी जेमतेम तीन मिनिटं असतात. तेवढ्यात वेग राखायचा, वारा ओळखायचा, शेत निवडायचं, नांगराच्या तासांच्या दिशेनेच उतरायचं, विजेच्या तारा वरून दिसत नाहीत म्हणून खांब शोधायचे, इंधनाचा कॉक बंद करायचा आणि दार आधीच उघडून ठेवायचं. हे सगळं डोक्याने करायला गेलं तर तीन मिनिटं पुरत नाहीत. हाताला यावं लागतं. पूर्वी हाताला यायच्या आधीच निम्मेअधिक वैमानिक संपायचे.

यावर इलाज काढला डॉक्टर मुक्ता भाटवडेकर यांनी. बाई देवगडच्या, घरच्या आंब्याच्या बागा. त्यामुळे मेंदूवरच्या आपल्या शोधालाही त्यांनी बागेतलंच नाव दिलं होतं, कलम. हाताला बसलेली सवय माणसाच्या लहान मेंदूत साठते, कोणत्या क्षणी कोणता स्नायू किती ओढायचा याचा जणू तबल्याचा ठेका असावा तशी. ज्याची सवय पक्की आहे त्याला टोपरं घालून नकली कॉकपिटमध्ये बसवायचं आणि तो ठेका नोंदवून घ्यायचा. मग तोच ठेका झोपलेल्या शिकाऊ माणसाच्या मेंदूत चुंबकाच्या हलक्या टिचक्यांनी वाजवायचा. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. तो बिचारा समजतो, हे आपणच कधीतरी शिकलो होतो. ज्याच्याकडून ठेका घेतला त्याला म्हणायचं मूळ झाड.

देशातलं उतरणीचं मूळ झाड एकच होतं. हेमलता वारके. अकराशे चाळीस वैमानिकांच्या हातात आता त्यांचाच हात होता. इंजिन बंद होताच अकराशे चाळीस माणसं नाकाने एक जोरदार श्वास सोडत, कारण हेमलताबाई तसा सोडत. पहिल्या वर्षी बाईंना याचं कौतुक वाटलं. पुढे पुढे, शेजारच्या सीटवर बसून आपलीच नक्कल बघताना, त्यांचा जीव विटून गेला होता.

गेल्या महिन्यात नजमा तडवीची टिटवी आंबापाणीच्या माळाजवळ विजेच्या तारेत अडकली. इंजिन बंद पडलं होतं, नजमाने शेत उत्तम निवडलं होतं, आणि उतरताना तार लागली. नजमा वाचली. शेजारी बसलेल्या सिस्टर जमना पावरा गेल्या. सिस्टर त्याच भागातल्या. तो माळ, तो खांब, ती तार त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्यातली होती. आणि विमानातल्या ध्वनिमुद्रणात त्यांचा आवाज स्वच्छ आला होता. एकदा नाही, नऊ वेळा. "नजमाताई, तार आहे. पुढे तार आहे. नजमाताई, तार!"

"मला ऐकू आलं नाही," नजमा चौकशीत म्हणाली.

"नऊ वेळा?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"एकदाही नाही."

यावर कोण विश्वास ठेवणार? परवाना काढून घ्यायचा आणि निष्काळजीपणाचा खटला भरायचा, असं जवळजवळ ठरल्यात जमा होतं. नजमा सव्वीस वर्षांची, दोन वर्षांच्या मुलीची आई, हेमलताबाईंच्या हाताखाली तयार झालेली. ती रडत नव्हती, भांडत नव्हती. फक्त ते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा लावून ऐकायची आणि म्हणायची, "मॅडम, हे माझ्या विमानातलं नाहीच."

हेमलताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तडक मुक्ताबाईंच्या खोलीत गेल्या.

"डॉक्टर, तुमच्या यंत्राने पोरीच्या कानाचं वाटोळं केलंय."

मुक्ताबाई शांतपणे म्हणाल्या, "बसा, मॅडम. कान चांगले आहेत तिचे. मी तपासले."

"मग?"

"आवाज कानात शिरला, कानातून मेंदूच्या दारापर्यंत गेला आणि दाराला आतून कडी होती." त्यांनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. "ही वरची रेषा म्हणजे कानाने ऐकलं. खालची म्हणजे मेंदूला कळलं. नकली कॉकपिटमध्ये मी तिचं इंजिन बंद केलं आणि बघा, खालची रेषा सपाट. जिवावर बेतलं की मेंदू जास्तीचं काम बंद करतो. तुम्ही हिशेबात गढलेल्या असताना कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही ना, तसंच. फक्त हिच्यात ही कडी पक्की बसलीय. मी तिला कानकडी म्हणते."

"म्हणजे काहीच ऐकू येत नाही?"

"वारा ऐकू येतो. सांगाड्याची करकर ऐकू येते. वेग कमी झाल्याची शिट्टी ऐकू येते." मुक्ताबाईंनी खालच्या सपाट रेषेवर बोट ठेवलं. "माणसाचा आवाज तेवढा येत नाही."

हेमलताबाईंना हसावं की ओरडावं ते कळेना. "मग काढा ना ती कडी! वाट कसली बघताय?"

"ती वेगळी काढता येत नाही. मी सहा महिने झटतेय. हापूसचं कलम केलं की हापूसच लागतो, मॅडम. गोडी घेतली आणि गर नासवणारा साका सोडून दिला, असं करता येत नाही. आणि साका बाहेरून दिसतही नाही. फळ कापल्यावर कळतो."

"सहा महिने?" हेमलताबाईंनी नेमका शब्द पकडला. "म्हणजे नजमाच्या आधीपासून तुम्हाला ठाऊक होतं?"

मुक्ताबाईंनी मान खाली घातली. "कलम झालेल्यांच्या आजवर दोनशे एकोणीस वेळा सक्तीच्या उतरणी झाल्या. दोनशे अकरा वेळा सगळे सुखरूप. आठ वेळा माणूस गेला, आणि त्या आठांपैकी पाच वेळा शेजारचा माणूस ओरडत होता. मी उड्डाण मंडळाला कळवलं होतं. मंडळ म्हणालं, कलमाआधी दहापैकी चार विमानांत माणसं मरत होती, तुम्ही कशाची काळजी करता?"

"पण ही कडी आली कुठून? तुमच्या यंत्रातूनच ना?"

आता मुक्ताबाईंनी वर पाहिलं. "मूळ झाडातून आली, मॅडम."

क्षणभर हेमलताबाईंना अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्या ताडकन उठल्या. "माझ्यातून? अहो, माझ्या सातांपैकी पाच वेळा मी एकटी होते. एकदा शेजारी पेशंट होता, तो बेशुद्ध. उरली तिसरी उतरण. तेव्हा शेजारी आमचे मेकॅनिक होते, सुपडू कोळी. तो माणूस पूर्ण वेळ गप्प होता. मी स्वतः अहवालात तसं लिहिलंय. संकटकाळी शांत राहिल्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र दिलंय आपल्या खात्याने, माझ्या शिफारशीवरून! बोलणाऱ्याचं मी ऐकलं नाही, असं व्हायला आधी कोणी बोलायला तर हवं?"

"त्यांना विचारलंत कधी?"

"विचारायचं काय त्यात? मी तिथे होते!"

पण रागारागाने का होईना, त्या सुपडूभाऊंकडे निघाल्या. साक्षीदार हातात असला की या डॉक्टरीणबाईंचं तोंड बंद होईल, नजमाचं खापर यंत्रावर फुटेल आणि मंडळाला ते यंत्र बंद करावं लागेल, असा साधा सरळ हिशेब होता.

सुपडू कोळी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. तापीकाठी त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि अंगणात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. मॅडमना दारात बघून त्यांची धांदल उडाली. खुर्ची पुसली, सुनेला चहा टाकायला सांगितला. भिंतीवर काचेच्या चौकटीत ते प्रशस्तिपत्र होतं, त्याला ताज्या झेंडूचा हार. हेमलताबाईंना बरं वाटलं.

"सुपडूभाऊ, एक काम आहे. एका डॉक्टरांसमोर एवढंच सांगायचं, की आपण हरभऱ्याच्या शेतात उतरलो त्या दिवशी तुम्ही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं."

सुपडूभाऊ हातातल्या फडक्याने पंपाचं झाकण पुसत राहिले.

"अहो, बोला ना!"

"मॅडम, राहू द्या ना ते. जुनी गोष्ट झाली."

"राहू कसं द्या? एका पोरीच्या भाकरीचा प्रश्न आहे."

सुपडूभाऊंनी फडकं बाजूला ठेवलं. "मी ओरडत होतो, मॅडम."

"काय?"

"इंजिन बंद झालं तसा ओरडाले लागलो. ते शेत माझ्या मावशीच्या गावचं. तिथून विजेची अकरा हजारची लाइन जाते, मी लहानपणापासून पाहेल होती. म्हटलं, मॅडम, लाइन आहे, डावीकडे घ्या, नदीची वाळू मोकळी आहे. तुम्ही काही ऐकेना. मग आपण तारेखालून गेलो. शेपटीवरचा एरियल तारेनेच तुटला. तुम्ही लिहेल होतं की उतरताना धक्क्याने तुटला."

"तारेखालून?" हेमलताबाईंनी विचारलं. एकवीस वर्षं त्या उतरणीची चित्रफीत त्या वर्गात दाखवत आल्या होत्या. तिच्यात तार कुठेच नव्हती, कारण ती फीत त्यांच्या आठवणीवरून बनवलेली होती.

"मग तुम्ही सांगितलं का नाही? चौकशी झाली, तुमची सही घेतली!"

"तुम्ही अहवालात लिहेल होतं, मेकॅनिक शांत होते. साहेबांनी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, मॅडम एवढ्या मोठ्या, त्यांनी लिहिलं तर काही विचार करूनच लिहिलं असेल. मेकॅनिक घाबरून बोंबलत होता असं लिहिलं असतं तर माझीच इज्जत गेली असती. तुम्ही माझी लाज राखली, असंच मला वाटलं." ते ओशाळवाणं हसले. "मग प्रशस्तिपत्र आलं. आता त्याच्यावर कोण बोलणार?"

चहा आला तो तसाच निवून गेला. हेमलताबाई गाडीत बसल्या तेव्हा त्यांचा संताप जायला जागा शोधत होता. सुपडूभाऊंवर रागावावं तर त्या भल्या माणसाने कौतुक म्हणून जे स्वीकारलं, ते त्यांनीच दिलेलं होतं. डॉक्टरांवर रागावावं तर त्या खरं बोलत होत्या. पण इतक्या सहज हार मानणाऱ्या त्या नव्हत्या. एकवीस वर्षांपूर्वी नसेल ऐकू आलं. तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. माणसाने मनावर घेतलं तर काय होत नाही?

"नवीन ठेका नोंदवू," दुसऱ्या दिवशी त्यांनी मुक्ताबाईंना ठणकावलं. "मी नकली कॉकपिटमध्ये बसते, सुपडूभाऊ शेजारी बसतील. तुम्ही इंजिन बंद करा. त्यांनी बोलायचं, मी ऐकायचं आणि ऐकत ऐकत उतरायचं. कडी नसलेला ठेका तुम्हाला मिळेल. तो सगळ्यांना द्या, जुना पुसून टाका."

मुक्ताबाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. "झालं तर सोन्याहून पिवळं, मॅडम. खरंच."

सुपडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. नकली कॉकपिट म्हणजे खऱ्या टिटवीचा पुढचा अर्धा भाग, समोर गोल पडदा आणि खाली हलणारा पाट. आत बसलं की दोन मिनिटांत माणूस विसरतो की आपण जमिनीवर आहोत. हेमलताबाईंनी टोपरं घट्ट केलं आणि बजावलं, "सुपडूभाऊ, लाजायचं नाही. दिसेल ते मोठ्याने सांगायचं. मी तुमच्या प्रत्येक शब्दाला 'हो' म्हणणार आहे."

"बरं, मॅडम. घसा दुखला तरी थांबणार नाही."

टिटवी उडाली. तापीचं पात्र, केळीच्या बागा, मग काळी शेतं. दोन हजार फुटांवर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. हेमलताबाईंनी नाकातून श्वास सोडला. ऐकायचं, त्यांनी स्वतःला सांगितलं. ऐकायचं. वेग पासष्टवर बसला. वारा नैर्ऋत्येकडून. उजवीकडे हरभरा, तास वाऱ्याच्या दिशेने, छान. सुपडूभाऊ अजून काही बोलत का नाहीत? असो, बोलतील. कॉक बंद. दार उघडं. काचेवर वाऱ्याची शिट्टी जरा खाली उतरली, नाक किंचित खाली. सगळं निवांत होतं. जगात त्यांच्या हातांखेरीज काहीच नव्हतं, आणि हात आपलं काम जाणत होते. चाकं मातीला लागली, दोन उड्या, आणि विमान थांबलं. सुरेख.

त्यांनी टोपरं ओढून काढलं आणि शेजारी वळल्या.

"काय हो सुपडूभाऊ! ठरलं काय होतं आपलं? तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

सुपडूभाऊंचा चेहरा घामाने भिजला होता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण घसा बसला होता. नुसती खरखर बाहेर आली. त्यांनी मागे उभ्या असलेल्या मुक्ताबाईंकडे पाहिलं.

मुक्ताबाईंनी ध्वनिमुद्रण लावलं. आधी इंजिनाचा खोकला, आणि लगेच सुपडूभाऊ. "मॅडम, खांब आहे उजव्या हाताला. मॅडम, तार आहे. मॅडम, डावीकडे घ्या. 'हो' म्हणणार होत्या ना? मॅडम, ऐकू येतंय का? अहो मॅडम, हे पाहा, मी बोलतोय. हेमलताताई, ओ ताई, एकदा तरी इकडे पाहा ना." तीन मिनिटं. श्वास घ्यायलासुद्धा ते थांबले नव्हते.

बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग हट्टाने पुन्हा बसल्या. तिसऱ्यांदा बसल्या. सुपडूभाऊंचा आवाज पार गेला तेव्हा मुक्ताबाई स्वतः शेजारी बसल्या, आणि शेवटी तर त्यांनी ताटावर पळी बडवत आरडाओरडा केला. हेमलताबाईंनी पळीचा आवाज ऐकला. मुक्ताबाईंचा ऐकला नाही. पाचव्या खेपेनंतर त्यांनी टोपरं भिंतीवर भिरकावलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुठलीतरी गोष्ट मनावर घेऊनही त्यांना जमत नव्हती, आणि ती गोष्ट होती शेजारच्या माणसाचं ऐकण्याची.

"दुसरं झाड शोधा," त्या म्हणाल्या. "मला सोडा. ज्याचे कान उघडे आहेत असं कोणीतरी शोधा."

"शोधलं, मॅडम. चारपेक्षा जास्त वेळा अशी उतरण करून जिवंत असलेली सहा माणसं देशात सापडली. सहाही जणांना कानकडी आहे."

"याचा अर्थ काय?"

"एक अर्थ असा, की जे ऐकत बसले ते वाचले नाहीत."

"आणि दुसरा?" हेमलताबाई उसळल्या. "ज्यांनी ऐकलं ते पहिल्याच वेळी वाळूत नीट उतरले, मेकॅनिक म्हणाला तिथे. त्यांची ना बातमी झाली, ना त्यांना पुन्हा कोणी असल्या भंगार विमानात बसवलं. असंही असेल की नाही?"

"असेल," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमचंही खरं असेल. पण माझ्या यंत्राला झाड लागतं, आणि ज्याचं नाव कुठेच नाही ते झाड मी कुठून आणू?"

मंडळाने दोन आठवड्यांत निर्णय दिला. नजमा तडवी निर्दोष. कानकडी शास्त्राने सिद्ध झाली होती आणि खुद्द कॅप्टन वारके यांच्यावर ती पडताळून पाहिलेली होती. कलम चालूच राहील, कारण आकडे चांगले होते. आणि सिस्टर जमनांसारखी घटना टाळण्यासाठी यापुढे प्रत्येक टिटवीत उजव्या सीटसमोर पाटी लावण्यात येईल. पाट्या पुढच्याच आठवड्यात छापून आल्या, पिवळ्यावर लाल अक्षरात. 'इंजिन बंद पडल्यास वैमानिकाशी बोलू नये.'

हेमलताबाईंनी मंडळाला तीन पत्रं लिहिली. पहिल्यात त्यांनी युक्तिवाद केला, दुसऱ्यात संताप, तिसऱ्यात आपला ठेका परत मागितला. तिन्हींची पोच आली. 'आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.' नोंद घेतली होती, म्हणजे तीही कुठेतरी कडीबाहेर उभी होती. चरफडत त्यांनी कागदाचे चार तुकडे केले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

नजमा पेढे घेऊन आली ती त्याच दुपारी. परवाना परत मिळाला होता. हेमलताबाईंनी तिला जवळ बसवलं, पण पोरीच्या तोंडावर आनंद दिसेना.

"मॅडम, एक विचारू? हे फक्त इंजिन बंद पडल्यावरच होतं ना?"

"डॉक्टर तसंच म्हणतात. का?"

नजमाने पेढ्यांच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली. "परवा मुलीला ताप भरला. एकशे चार. डोळे फिरवायला लागली. मी औषध काढलं, मापून पाजलं, अंग पुसलं, सगळं व्यवस्थित. हात अजिबात थरथरले नाहीत. मग बघते तर तिचे वडील, सलीम, माझा दंड धरून हलवतायत. म्हणाले, मी कधीचा सांगतोय, औषध मी आत्ताच दिलंय, परत देऊ नकोस. शेजारी उभे राहून ओरडत होते म्हणे. मला वाटलं, खोलीत मी एकटीच आहे."

"मुलगी?"

"बरी आहे. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, आता खेळतेय." तिने मान वर केली. "मी भाटवडेकर मॅडमना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, मेंदूला विमान आणि घर यातला फरक कळत नसावा, धोका तेवढा कळतो. काढता येणार नाही म्हणाल्या. म्हणून तुमच्याकडे आले. तुम्हाला तर हे पहिल्यापासूनच असणार. आम्हाला तुमच्याकडून आलं. घरात तुम्ही कसं निभावता, मॅडम? तुमचे मिस्टर काय करायचे?"

हेमलताबाई उत्तर द्यायला लगेच तोंड उघडणाऱ्या. त्यांनी उघडलंही.

माधवराव जाऊन सहा वर्षं झाली होती. पहाटे छातीत कळ आली आणि हेमलताबाईंनी त्यांना गाडीत शेजारी बसवून एकटीने जळगावपर्यंत नेलं होतं. पन्नास किलोमीटर, फाटकं, ट्रक, खड्डे. गाडी अशी हाकली होती की इस्पितळातल्या डॉक्टरांनीही तोंडात बोटं घातली. फक्त तोवर उशीर झाला होता. नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाला, मुलाला, नणंदांना, शाळेतल्या सगळ्यांना त्या एकच सांगत आल्या होत्या आणि त्यातच त्यांना समाधान होतं. फार शांतपणे गेले. वाटेत एक शब्दसुद्धा बोलले नाहीत.

"मॅडम?" नजमाने विचारलं.